कॉक्लिअर इम्प्लांटनंतर घरी सराव कसा घ्यायचा: ओठ कधी दाखवायचे, कधी लपवायचे

कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून आवाज विजेच्या संकेतांनी थेट नसेपर्यंत पोचवणाऱ्या यंत्राचं, ऑपरेशन झालं, दोन-चार आठवड्यांनी त्याचं बाहेरचं मशिन चालू केलं, आणि मग घरी आल्यावर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पेशंट आधीसारखाच समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बसतो आणि सगळे म्हणतात बघा किती छान समजतंय, नाहीतर कुणीतरी सांगतं की ओठ बघूच द्यायचे नाहीत, मग घरातले तोंडावर हात धरून बोलायला लागतात, पेशंटला काही कळत नाही, तो वैतागतो आणि मशिन काढून ठेवतो. माझ्या बाबांच्या इम्प्लांटनंतर घरचा सराव मी आणि आईने घेतला, थेरपिस्टकडून शिकत शिकत, आणि तेव्हापासून माझं ठाम मत आहे की या दोन्ही गोष्टी चूक आहेत. डोळेही लागतात आणि कानही, प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी कान, मग डोळे, आणि मग परत कान. यातलं तिसरं, म्हणजे शेवटी परत ऐकणं, हेच घरोघरी सुटतं आणि खरं शिकणं तिथेच होतं.

हे सगळं मुख्यतः मोठ्या माणसांसाठी लिहितेय, ज्यांना आधी नीट ऐकू यायचं, मराठी बोलता येतं आणि मग ऐकणं गेलं. लहान मुलांचं थोडं वेगळं असतं, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय. आणि तुमच्या थेरपिस्टने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचा पेशंट बघितलाय.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसती घोकंपट्टी होईल

निरोगी कानात आवाज मेंदूपर्यंत पोचवायचं मुख्य काम साधारण साडेतीन हजार केशपेशी करतात. इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात, बस. एवढ्यावर बोलण्याची लय, आवाज कुठे चढला, कुठे तुटला, अक्षर ब आहे की प, हे बऱ्यापैकी पोचतं. हरवतं ते बारीक काम, म्हणजे जीभ किंवा ओठ नेमके कुठे टेकले ते. म्हणून म आणि न मिसळतात, प-त-क मिसळतात, ब-द-ग मिसळतात.

आता आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म आणि न म्हणून बघा. म ला ओठ मिटतात, न ला मिटत नाहीत, एकदम स्पष्ट फरक. म्हणजे कानाला जे धड मिळत नाही नेमकं तेच डोळ्यांना दिसतं. आता तसंच आवाज न काढता बाबा, पापा, मामा म्हणा. काही फरक दिसला? नाही दिसणार, कारण प ब भ म सगळे ओठांवर सारखेच, तो फरक कानानेच कळतो. क ख ग घ घशाकडे होतात म्हणून दिसतच नाहीत, ट ठ ड ढ ण ळ ला जीभ आत वळते ती बाहेरून कळत नाही, त थ द ध न ल ला उजेड चांगला असेल तर जिभेचं टोक दातांमागे जरासं दिसतं. स्वर मात्र छान दिसतात, आ ला तोंड उघडं, ई ला ताणलेलं, ऊ आणि ओ ला गोल, त्यामुळे "येतो" की "येते", "गेला" की "गेली" हे शेवटचं अक्षर जे आपण बोलताना पटकन गिळून टाकतो ते डोळे बरोबर पकडतात.

म्हणून नुसत्या ओठांवर कुणीही पूर्ण मराठी वाचू शकत नाही, आणि सुरुवातीला नुसत्या मशिनवरही ती पूर्ण कळत नाही, पण दोन्ही एकत्र आले की एकाची भोकं दुसरा बुजवतो. आणि मेंदू हे मुद्दाम ठरवून करत नाही, आपोआप करतो. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की कानाला "बा" ऐकवलं आणि त्याच वेळी पडद्यावर "गा" म्हणणारा चेहरा दाखवला तर बऱ्याच लोकांना "दा" ऐकू येतं, आणि हे चांगलं ऐकू येणारे लोक बरं का. इम्प्लांटच्या इतिहासातही हेच दिसतं. अमेरिकेत १९८४ साली मोठ्या माणसांसाठी मंजूर झालेलं पहिलं इम्प्लांट एकाच चॅनेलचं, म्हणजे एकाच इलेक्ट्रोडवर चालणारं होतं, त्यावर नुसतं ऐकून शब्द कळणं फार थोड्या लोकांना जमायचं, पण ओठ वाचताना त्याची मोठी मदत व्हायची.

ओठ बघितले तर मेंदूतला ऐकण्याचा भाग डोळ्यांच्या कामाला लागेल आणि मग ऐकणं सुधारणारच नाही, ही भीती बरीच वर्षं होती आणि अजूनही लोक सांगतात. पण २०१७ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी मोठ्या पेशंटचा इम्प्लांटच्या आधी आणि नंतर अभ्यास केला, तेव्हा ओठ बघताना ज्यांच्या मेंदूतला हा ऐकण्याचा भाग आधीपेक्षा जास्त जागा व्हायला लागला होता, त्यांचंच ऐकून समजणंही चांगलं निघालं. तेव्हा पेशंटने ओठ बघितले म्हणून त्याला ओरडू नका.

बसायचं कसं

हे कंटाळवाणं वाटेल पण निम्मं काम इथे होतं. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. अंतर साधारण एक मीटर. इम्प्लांट ज्या बाजूला आहे त्या बाजूला थोडं कलून बसा. पंखा कमी करा, टीव्ही बंद, मिक्सर-कुकरची वेळ टाळा. गोंगाटातला सराव नंतर करायचाच आहे, पण आत्ता नाही. मिशा ओठांवर येत असतील तर कापून घ्या, आमच्याकडे काकांना सांगावं लागलं होतं.

बोलायचं नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश, वाक्याच्या तुकड्यातुकड्यांवर थांबत. ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो आणि मशिनमधून आवाजही फाटका पोचतो. शब्द तोडून "का-ल-गा-डी" असंही नको, तसं कुणी बोलत नाही आणि त्याने लय मरते.

आणि रोज सुरू करायच्या आधी मशिन नीट चालतंय का ते बघायचं. त्यासाठी लिंगचे सहा आवाज आहेत, डॅनियल लिंग नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने निवडलेले: म, ऊ, आ, ई, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्यातले सगळे आवाज यात साधारण येतात. इथे मात्र चेहरा दिसता कामा नये, कारण म ला मिटलेले ओठ आणि ऊ ला गोल ओठ दिसले की बघूनच उत्तर येतं. मागे किंवा बाजूला उभं राहून एकेक आवाज क्रम बदलून काढायचा, मध्येमध्ये काहीच न म्हणता थांबायचं, म्हणजे अंदाजाने "हो" येतं का ते कळतं. कालपर्यंत स ऐकू येत होता आणि आज नाही, तर आधी बॅटरी, कॉइल (मॅग्नेटने डोक्याला चिकटते ती चकती), माइकचं कव्हर बघा, सराव नंतर.

पहिली पायरी: आपण कुठे आहोत ते बघून घ्या

रोजची तीस साधी वाक्यं लिहून काढा. घरातलीच, "भाजीत मीठ कमी पडलंय", "उद्या लाइट जाणार आहे म्हणे", "गॅस बुक केला का", "शेजारच्यांची चावी आपल्याकडे आहे" अशी. त्यांचे दहा-दहाचे तीन गट करा. पहिला गट नुसते ओठ हलवून, आवाज न काढता. दुसरा नुसता ऐकवून, चेहरा न दाखवता. तिसरा दोन्ही, समोर बसून मोकळेपणाने. पेशंटने जे कळलं ते बोलून दाखवायचं आणि तुम्ही बरोबर आलेले शब्द मोजायचे.

सुरुवातीला नुसतं ऐकून फार कमी येईल, शून्यही येईल, घाबरू नका. बघायचं हे की दोन्ही मिळून किती येतं आणि ते नुसत्या ओठांपेक्षा किती जास्त आहे. ओठांवर समजा वीस शब्द आले आणि दोन्ही मिळून पस्तीस आले तर मधले पंधरा कानाने दिले, म्हणजे मशिन काम करतंय आणि मेंदू ते वापरतोय. पेशंटला हे दाखवा, कारण त्याला स्वतःला वाटत असतं की मला तर नुसता खरखराट ऐकू येतो. महिन्याने नवीन वाक्यं घेऊन परत हेच करायचं, तीच वाक्यं घेतली तर ती पाठ झालेली असतात.

दुसरी पायरी: पहिले काही आठवडे दोन्ही उघडं ठेवा

मशिन चालू केल्यावर सुरुवातीला आवाज रोबोटसारखा, चिवचिवाटासारखा, कधी नुसत्या बीप बीपसारखा येतो. या दिवसांत ओठ लपवून उपयोग नाही, कारण मेंदूला अजून कळलेलंच नाही की हा चिवचिवाट म्हणजे कुठलं अक्षर. ते त्याला डोळ्यांनीच सांगावं लागतं.

इथे मोठ्या माणसांकडे ओठांपेक्षाही भारी एक गोष्ट असते, ती म्हणजे छापील मजकूर. ओठ अर्धं सांगतात, कागद पूर्ण सांगतो. पेपरमधली एखादी छोटी बातमी घ्या, दोघांकडे एकेक प्रत, किंवा एकच पेपर मध्ये ठेवा. एकाने मोठ्याने वाचायचं, पेशंटने बोट फिरवत ऐकायचं. मध्येच अचानक थांबायचं आणि पेशंटने शेवटचा शब्द कुठला ते बोटाने दाखवायचं. आमच्याकडे आई सकाळी चहा झाल्यावर वाचायची, आधी मोठ्या शब्दांवर थांबायची मग हळूहळू "आणि", "तर", "पण" असल्या बारक्या शब्दांवर थांबायला लागली, आणि बाबांचं बोट तिथे बरोबर थांबलं की ती काही न बोलता पुढे वाचायची. हे जमायला लागलं की तीच बातमी कागद उलटा ठेवून परत ऐकवायची. अर्थ माहीत असतो, शब्द ओळखीचे असतात, आणि बरेच लोक म्हणतात की आता आवाज माणसासारखा वाटतोय.

तिसरी पायरी: ऐक, बघ, परत ऐक

हा सगळ्या सरावाचा कणा. थेरपिस्ट याला ऑडिटरी सँडविच म्हणतात, मधे बघणं आणि दोन्ही बाजूंना ऐकणं. आधी चेहरा लपवून शब्द किंवा वाक्य म्हणायचं. पेशंटला वेळ द्यायचा, मनात पाचपर्यंत आकडे मोजा, लगेच परत म्हणू नका. कळलं तर पुढे. नाही कळलं तर एकदा परत, अजूनही चेहरा लपवूनच. तरी नाही, तर आता चेहरा दाखवून म्हणा. कळलं? मग परत चेहरा लपवून तेच म्हणा.

गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं असतात ना, ओठ म्हणजे ती उत्तरं. आधीच उघडून बसलो तर काही शिकत नाही, आणि अडल्यावर कधीच बघितली नाहीत तर चूक काय झाली ते कळत नाही. उत्तर बघायचं आणि मग पान मिटवून गणित परत सोडवायचं.

एक नमुना दाखवते. आईने कागदावर मळ आणि नळ असे दोन शब्द लिहून ठेवले होते. पातळ कापड ताणलेली रिंग (तिच्याबद्दल खाली लिहिलंय) तोंडापुढे धरून ती म्हणाली, "अहो, ऐका. नळ." बाबा म्हणाले मळ. परत ऐकवलं, परत मळ. मग तिने रिंग बाजूला केली आणि तोच शब्द चेहरा दाखवून म्हटला, ओठ मिटले नाहीत हे बाबांना दिसलं, म्हणाले अच्छा नळ. इथे थांबायचा मोह होतो. आईने रिंग परत वर धरली आणि म्हणाली, आता नळ, आता मळ, आता परत नळ. चेहरा लपलेला, पण आता कुठला शब्द येणार ते बाबांना आधीच माहीत, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष दोन्ही आवाजांतल्या फरकाकडे. असं थोडा वेळ झाल्यावर क्रम न सांगता. तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले की नळ जरा टोकदार येतो. हे त्यांचे शब्द, दुसऱ्या कुणाला वेगळं वाटेल, पण पेशंटने असा फरक स्वतःच्या शब्दांत सांगितला की तो लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच शब्दांत आठवण करून देता येते.

त्या रिंगबद्दल. तोंडावर हात किंवा कागद धरला की ओठ लपतात खरं, पण आवाजही दबतो, आणि स, श, फ, त असले बारीक आवाज सगळ्यात आधी जातात, म्हणजे जे शिकायचं तेच आपण अडवतो. भरतकामाची लाकडी गोल रिंग घ्यायची आणि स्पीकरवर लावतात तसलं पातळ जाळीचं काळं कापड त्यावर ताणून बसवायचं, आवाज पार होतो आणि ओठ दिसत नाहीत. कापड नाही मिळालं तर सरळ बाजूला किंवा मागे बसा, तेही उत्तम, फक्त अंतर तेवढंच ठेवा.

चौथी पायरी: शब्द निवडणं, इथे मराठीचं डोकं लावायचं

इंग्रजीतले अॅप आणि याद्या भरपूर आहेत पण आपल्या आईवडिलांना त्याचा काही उपयोग नाही, त्यांना ळ लागतो, ख-घ लागतात. यादी घरीच करावी लागते आणि ती करणं अवघड नाही.

सुरुवात एकदम वेगवेगळ्या लांबीच्या शब्दांनी करा, मीठ, साखर, कोथिंबीर, शेवग्याच्या शेंगा. नुसत्या लांबीवरूनही ओळखता येतात, आत्मविश्वास येतो. त्यानंतर तीन ढीग करा.

पहिला ढीग, कानाला सारखे पण ओठांवर वेगळे: मळ-नळ, पाट-ताट, पार-तार-कार, बार-दार-गार, माती-नाती. यांना ऐक-बघ-ऐक सगळ्यात जास्त लागू पडतं कारण ओठ लगेच निकाल देतात.

दुसरा ढीग, ओठांवर सारखे पण कानाला वेगळे: पार-बार-मार-भार, पळ-बळ-मळ, काल-गाल, खडी-घडी. हा ढीग मला फार आवडतो, कारण इथे चेहरा लपवायची गरजच नाही. समोर बसा, मोकळेपणाने बोला, ओठ काहीच फोडत नाहीत, सगळं काम कान करतो आणि पेशंटला परीक्षा दिल्यासारखंही वाटत नाही. जे लोक चेहरा लपवला की चिडतात किंवा घाबरतात त्यांची सुरुवात इथूनच करा. (फळ इथे घेताना जपून, खूप लोक फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात, ते दिसतं.)

तिसरा ढीग, दोन्हीकडे अवघड: मूल-मूळ, काल-काळ, वेल-वेळ, आणि आकडे. आकडे तर रोजच्या व्यवहाराचे. बासष्ट-बाहत्तर, एकोणतीस-एकोणचाळीस, सत्तावीस-अठ्ठावीस. इथे ओठ फारसे कामाचे नाहीत, म्हणून मधली "बघ" पायरी लिहून दाखवून करा, पाटीवर किंवा मोबाइलवर. आणि सुटे शब्द फार वेळ घेऊ नका, वाक्यात टाका, "बाहत्तर रुपये झाले, सुटे आहेत का" असं, वाक्याच्या अर्थाचा आधार मिळू दे.

दहातले आठ बरोबर यायला लागले की अवघड करा. पाचाच्या खाली गेले की सोपं करा, त्यात कमीपणा काही नाही. अवघड करायचं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची: पर्याय दोनाचे चार, किंवा शब्दाचं वाक्य, किंवा ओळखीच्या आवाजाऐवजी दुसऱ्याचा आवाज. सगळं एकदम बदललं तर काय अडलं तेच कळत नाही.

पाचवी पायरी: चेहरा हळूहळू बाजूला न्या

एके दिवशी ठरवून ओठ बंद असं करू नका. आधी समोर. मग खुर्ची तिरकी, म्हणजे अर्धा चेहरा दिसतो, जबडा हलताना दिसतो. मग शेजारी बसून दोघांनी एकाच गोष्टीकडे बघत बोलायचं, भाजी निवडताना, फोटोंचा अल्बम बघताना, गाडीत (गाडीत इंजिनचा आवाज असतो, ते लक्षात घ्या). मग पाठीमागून, मग दुसऱ्या खोलीतून हाक मारून. विषय माहीत असला की निम्मं सोपं होतं, म्हणून आधी विषय सांगा, "आता आपण लग्नाच्या खर्चाबद्दल बोलतोय", आणि मग चेहरा लपवा. नंतर विषय न सांगता.

दुसऱ्या कानात साधं श्रवणयंत्र असेल तर रोजच्या वापरात ते असू दे, पण सरावाचा थोडा वेळ ते काढून फक्त इम्प्लांटच्या कानाने करा, नाहीतर जुना कान सगळं काम ओढून नेतो. किती वेळ काढायचं ते ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशिनचं सेटिंग करणाऱ्या तज्ज्ञाला, विचारून ठरवा.

सराव एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, यापेक्षा जास्त ताणू नका. ऐकायचा हा ताण खरा असतो, संध्याकाळी पेशंट गप्प झाला, डोकं धरून बसला तर तो नाटक करत नाहीये. सराव थांबवा, पण मशिन मात्र झोपेपर्यंत चालू राहू दे.

गोंगाट आला की डोळे परत द्या

इथे घरचे लोक फार कडक होतात. घरी शांततेत ओठ न बघता जमलं म्हणून लग्नाच्या हॉलमध्येही जमेल असं समजतात, आणि नाही जमलं की म्हणतात सराव वाया गेला. वाया काही गेलेलं नाही. चांगलं ऐकू येणारे आपणही गोंगाटात समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. १९५४ सालीच दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की गोंगाट जितका वाढतो तितका चेहरा दिसण्याचा फायदा वाढतो. तेव्हा हॉलमध्ये, हॉटेलात, एसटी स्टँडवर ओठ बघणं हे शहाणपणाचं काम आहे. भिंतीला पाठ करून बसा, मागून येणारा कालवा कमी होतो, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी जागा धरा.

गोंगाटाचा सराव घरीही करता येतो. पंखा फुल, मग टीव्ही बारीक आवाजात, मग मिक्सर. प्रत्येक वेळी आधी चेहरा उघडा ठेवून, जमलं की तिरकं, जमलं की बाजूने. म्हणजे त्याच पायऱ्या, फक्त मागे आवाज.

चारचौघांत बोलणं सगळ्यात अवघड, कारण कोण बोलतंय ते शोधेपर्यंत वाक्य संपतं. घरात एक सवय लावा, बोलायच्या आधी हात जरा वर करायचा किंवा नाव घ्यायचं. दोन जण एकदम बोलले तर थांबवायचा हक्क पेशंटला द्या.

आणि अडल्यावर काय म्हणायचं ते पेशंटने शिकायला हवं. नुसतं "काय?" म्हटलं की समोरचा तेच वाक्य जोरात ओरडतो. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगायचं: "पाट आणू म्हणालीस की ताट?" म्हणजे समोरच्याला फक्त एक शब्द परत सांगावा लागतो. घरच्यांनीही क्रम पाळायचा, आधी तेच वाक्य परत, मग वेगळ्या शब्दांत, मग चेहरा दाखवून, आणि मग लिहून. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका, त्याने माणूस बोलण्यातून उठून जातो.

फोन

फोनवर चेहरा नसतो म्हणून लोक तो टाळतात, पण तिथेही पायऱ्या आहेत. आधी व्हिडिओ कॉल, दुसऱ्या खोलीतून घरच्याच माणसाने, ठरलेल्या विषयावर. नेट चांगलं हवं, कारण चित्र आणि आवाज मागेपुढे झाले की ओठांचा आधार उलटा त्रास देतो, तेव्हा सरळ चित्र बंद केलेलं बरं. मग त्याच कॉलमध्ये मध्येच कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, दोन वाक्यं बोलायची, बोट काढायचं. तेच ऐक-बघ-ऐक. मग साधा कॉल, पण प्रश्न ठरवून, ज्यांची उत्तरं हो-नाही किंवा वार-वेळ अशी येतील. मशिनला ब्लूटूथ असेल तर कॉल थेट त्यावर घ्या, खूप फरक पडतो. बँकेचे, कुरिअरवाल्याचे अनोळखी कॉल सगळ्यात शेवटी, आणि ते नाही जमले तरी "मेसेज करा" म्हणायला लाजायचं नाही.

लहान मुलांसाठी काय वेगळं

मोठ्या माणसाच्या डोक्यात मराठी आधीपासून असते, त्याला फक्त नवीन आवाज जुन्या शब्दांना जोडायचा असतो. मुलाला भाषाच कानातून घडवायची असते, म्हणून तिथे कान पहिला, हे जास्त कसून पाळतात. खेळणं आधी दाखवून "गाडी" म्हणायचं नाही, आधी पाठीमागून "गाडी! पीं पीं" म्हणायचं, मूल थांबलं, वळलं, की मग गाडी दाखवायची, आणि मग गाडी खेळताना शब्द परत परत कानावर पडू द्यायचा. मुलाची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवू नका, सतत "माझ्या तोंडाकडे बघ" म्हणू नका, शेजारी बसून खेळा, दोघांची नजर खेळण्यावर. पण मूल स्वतः होऊन चेहऱ्याकडे बघत असेल तर बघू दे, लहान मुलं चेहरे बघूनच माणसं शिकतात. २००५ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांना अडीच वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालं त्या मुलांमध्ये कान आणि डोळे एकत्र जोडायची क्षमता जास्त भरवशाची होती, म्हणून तपासण्या आणि कागदपत्रांत वेळ घालवू नका. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते, तिथे चौकशी करा.

मूल खुणांची भाषा वापरत असेल तर ती इम्प्लांटसाठी तोडून टाका असं मी म्हणणार नाही. ऐकण्याच्या सरावाला वेगळा वेळ ठेवा आणि बाकी वेळ मुलाशी बोलणं चालू राहील ते बघा, कसंही. मुलाला घरच्यांचं बोलणं कळतंय हे सगळ्यात आधी.

वही ठेवा आणि ती मॅपिंगला (मशिनचं सेटिंग करायला) घेऊन जा

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त दिसते, पुढे वर्षभर आणि त्यानंतरही हळूहळू होत राहते. पण जो माणूस वीस वर्षं काही ऐकत नव्हता त्याला ओठांचा आधार कायमचा लागू शकतो, त्यात त्याचा किंवा तुमचा काही दोष नाही, आणि ओठांसकट का होईना, नातवंडांशी बोलणं झालं तर ते पूर्ण बोलणंच आहे.

वहीत रोज चार ओळी पुरेत: कुठले शब्द घेतले, चेहरा लपवून किती आले, दाखवल्यावर किती आले, आणि काय ऐवजी काय ऐकू आलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "नीट ऐकू येत नाही" असं सांगितलं तर ऑडिओलॉजिस्टला मॅपमध्ये, म्हणजे मशिनच्या सेटिंगमध्ये, काय बदलायचं ते कळत नाही, पण "स कधीच येत नाही, साखर म्हटलं की आखर ऐकू येतं", "पुरुषांचे आवाज घुमतात", "स्टीलचं भांडं पडलं की डोळा उडतो" असं लिहून नेलं तर त्यांना नेमकं काम करता येतं. चेहरा दाखवल्यावर येतं आणि लपवल्यावर तोच आवाज आठवडेच्या आठवडे येत नाही, तर घरी अजून घोकत बसू नका, आधी मॅप तपासून घ्या. आणि आवाज अचानक कमी झाला, मॅग्नेटखालची कातडी लाल झाली, दुखतंय, चक्कर येतेय किंवा आवाजाबरोबर चेहऱ्याचा स्नायू फडफडतोय, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.